दिवे जातात तेव्हा

मागच्या महिन्यात बदलापूरला चुलतबहिणीकडे निघाले होते. टेंभी नाक्यावरून चालत स्टेशन आणि तिथून लोकल, हा माझा जुनाच रस्ता. सोबत नात होती. वय वर्षं नऊ, मुक्काम पोस्ट पुणे, त्यामुळे लोकलची सवय शून्य. दुपारची वेळ असल्याने चक्क खिडकी मिळाली होती.

गाडी चांगली वेगात असताना मध्येच डब्यातले दिवे गेले. पंखे मंदावले. एक-दोन बारीक दिवे तेवढे राहिले. खालून येणारी ती नेहमीची घूं घूं पण थांबली, आणि गाडी नुसती घरंगळत पुढे जात राहिली.

"आजी, लाइट गेली!" नात माझा हात घट्ट धरून म्हणाली.

समोर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "येते गं बाळा. मोज दहापर्यंत."

नात मोजू लागली. सातला दिवे आले, पंखे फिरू लागले. डब्यात कोणीही काही बोललं नव्हतं. एकीचा फोन चालू होता तो तसाच चालू राहिला. आपल्याकडे याची इतकी सवय झाली आहे!

"पण घालवली कोणी?" नातीने विचारलं.

आता आली का पंचाईत! मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, तीन इंजिनं, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगेन. ठाण्याच्या शिक्षिकेला ते यावंच लागतं. पण ही लाइट कोण घालवतं, हे मला जेमतेम सात वर्षांपूर्वी कळलं. तेही रेल्वेमुळे नाही, बोटीमुळे!

माझा भाचा बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. सहा महिने समुद्रावर, मग काही महिने घरी. २०१९ मध्ये तो सुट्टीवर आलेला असताना आमच्या यांच्या फुप्फुसाचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं, विजेवर चालणारं यंत्र. घरात इन्व्हर्टर होताच, लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेला. (ज्यांनी २००५ नंतरची ती वर्षं ठाण्यात काढली त्यांना आठवत असेल. मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे मुंबईत दिवे, आणि अलीकडे ठाण्यातही तेच आकाश, पण काळोख.) भाच्याने घरातली वायरिंग बघितली आणि म्हणाला, "मावशी, या मशीनचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरच नाहीये. लाइट गेली तर काकांचं मशीन बंदच पडेल."

मग दोन दिवस तो पक्कड आणि टेस्टर घेऊन घरात बसला. काम करताना बोलायची सवय त्याला लहानपणापासून आहे. मी विचारलं, बोटीवर लाइट गेली की काय करता रे तुम्ही? त्याने जेवणाच्या टेबलावरच्या तीन वाट्या ओढल्या.

ही एक वाटी म्हणजे किनाऱ्यावरची वीज. बोट धक्क्याला लागलेली असली की जाड केबल टाकून ती घेता येते. दुसरी वाटी बोटीवरचं जनरेटर. तिसरी म्हणजे बॅटरीवरून इन्व्हर्टरने केलेली वीज. लहान बोटींवर हीच व्यवस्था असते. मोठ्या जहाजावर दोन-तीन जनरेटर असतात आणि शिवाय एक आणीबाणीचं, मुद्दाम वरच्या भागात, मुख्य इंजिनरूमपासून लांब ठेवलेलं. इंजिनरूममध्ये पाणी शिरलं किंवा आग लागली तरी ते वाचावं म्हणून. मुख्य वीज गेली की पंचेचाळीस सेकंदांच्या आत या आणीबाणीच्या जनरेटरने आपोआप सुरू होऊन भार घ्यायचा असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. (कल्पना जुनीच आहे. १९१२ च्या टायटॅनिकवरही पाण्याच्या पातळीच्या वर दोन आणीबाणीचे डायनामो बसवलेले होते.)

"मग तिन्ही वाट्या एकदमच जोडून ठेवाव्यात की," मी म्हटलं. "एक गेली तर दुसरी आहेच."

तो हसला. म्हणाला, "मावशी, नवरात्रात टेंभी नाक्यावर दोन बाजूंनी दोन ढोलपथकं आली आणि दोघांचा ठेका वेगळा असला तर काय होतं?"

काय होतं ते आम्हा टेंभी नाक्यावाल्यांना सांगायला नको.

आपल्या घरातली वीज, म्हणजे एसी, एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे झोके घेते. जनरेटरची वीजही झोके घेते, पण तिचा झोका त्याच क्षणी त्याच बाजूला असेल असं नाही. एक पुढे जात असताना दुसरी मागे येत असेल आणि दोन्ही एकमेकींना जोडल्या, तर दोन्हींच्या ताकदीची टक्कर होते. वायरी जळतात, जनरेटर मोडतो. मोठ्या जहाजांवर दोन जनरेटरांचा ठेका आधी जुळवून घेतात आणि तो बरोबर जुळला की मगच जोडतात. पण ते जाणत्याचं काम. लहान बोटीत आणि घरात सोपा नियम पाळतात: आधी पहिली वीज तोडायची, थोडं थांबायचं, नवी वीज स्थिर आहे ना ते पाहायचं, आणि मगच जोडायची. पूर्वी हे हाताने व्हायचं. मोठा खटका, वर एक वीज, खाली दुसरी आणि मध्ये 'बंद'. वरून खाली जायचं तर 'बंद'वरून जावंच लागतं, अशीच त्याची रचना. आता तेच काम यंत्र करतं, पण मधलं 'बंद' त्यालाही चुकत नाही.

"आणि समजा ते चुकलं, तर नुकसान बोटीचंच होतं असं नाही," तो म्हणाला. "तुमच्या जनरेटरची वीज उलटी केबलमधून धक्क्यावर गेली, आणि तिथे कोणी लाइन बंद आहे समजून काम करत असला, तर तो माणूस जातो."

हे ऐकल्यापासून सोसायटीत जनरेटरच्या खोलीपाशी मुलं खेळताना दिसली की मी ओरडते. पूर्वी उगाच ओरडायचे, आता कारण माहीत आहे.

पुढे २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला डाली नावाचं मालवाहू जहाज पुलावर आदळलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पुलावर रात्रपाळीचं काम करणारे सहा मजूर गेले. जहाजावरचे जवळजवळ सगळे आपले भारतीय. भाचा तेव्हा घरीच होता, दिवसभर फोनला चिकटून. अमेरिकेतल्या सरकारी चौकशीत नंतर निघालं ते असं: एक वायर तिच्या खाचेत नीट बसलेली नव्हती, ती सैल झाली आणि वीज गेली. तिथे दोन ट्रान्सफॉर्मर होते, एक गेला तर दुसऱ्यावर जाण्यासाठी. ती अदलाबदल आपोआप होण्याची सोयही होती, पण ती हातावर ठेवलेली होती. आपोआप झाली असती तर दहा सेकंदांत वीज परत आली असती. माणसांनी धावपळ करून हाताने आणली त्यात सुमारे मिनिट गेलं. मग दुसऱ्या कारणाने वीज पुन्हा गेली, आणि पूल तर समोरच होता.

भाचा एवढंच म्हणाला, "अंधारात मिनिटभरात आणली म्हणजे त्यांनी पटकन आणली, मावशी." आणि उठून गच्चीत गेला.

आमच्या घरच्या अदलाबदलीची परीक्षा मात्र त्याच्या आधीच झाली होती. १२ ऑक्टोबर २०२०. करोनाचे दिवस. सकाळी दहाच्या सुमारास लाइट गेली. इन्व्हर्टरने टक् केलं, दिवा एकदा लपापला, यांचं मशीन चालूच राहिलं. नेहमीसारखं दहा-पंधरा मिनिटांचं काम असेल असं वाटलं. मग कळलं की ठाणेच नाही, नवी मुंबई आणि अख्खी मुंबई बंद आहे. लोकल जागच्या जागी उभ्या. ठाण्याला वीज जाते यात कोणाला नवल नव्हतं, पण मुंबई?

मुंबईची यातली गोष्ट वेगळी आहे. बाहेरच्या मोठ्या जाळ्यात काही बिघडलं तर मुंबईने आपोआप त्यापासून तुटायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू आणि घाटातल्या जलविद्युत केंद्रांच्या जोरावर एकटीने चालायचं, अशी व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे. तिला 'आयलंडिंग' म्हणतात. शहर बेटाचं, व्यवस्थेचं नावही बेट! म्हणजे मुंबई ही एक मोठी बोटच धरा. त्या दिवशी कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांवर गडबड झाली, बाहेरून येणारी वीज तुटली, आणि मुंबईचं बेटही तगलं नाही. कळवा म्हणजे आमच्या खाडीच्या पलीकडे! इतिहास घडतो तेव्हा ठाणं नेहमी जवळपास असतं, असं मी वर्गात गमतीने म्हणायचे.

गंमत बाराच्या पुढे संपली. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मान टाकू लागल्या. भाचा तेव्हा कुठल्या तरी महासागरात होता. पण जाण्यापूर्वी त्याने पलंगामागे एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणून ठेवला होता आणि त्याचा पाना सुतळीने सिलिंडरलाच बांधला होता, शोधाशोध नको म्हणून. माझ्याकडून दोनदा उघडून बंद करून घेतला होता. ही आमची तिसरी वाटी, हाताने वाढायची. मशीनने पीं पीं सुरू केल्यावर मी नळी काढली आणि सिलिंडरला लावली. किती वेळ लागला सांगता येत नाही. हे माझ्याकडे बघत बोटांवर मोजत होते. नंतर म्हणाले, "बावीस." दुपार कलल्यावर लाइट आली. हे पुढच्या वर्षी गेले, पण त्या दिवशी नाही.

असो. सांगत होते रेल्वेचं.

नातीच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे या वाट्यांतच आहे, फक्त बोट रुळांवरची आहे. आपण १८५३ चा एवढा उदोउदो करतो, पण ३ फेब्रुवारी १९२५ ही तारीख माझ्या एकाही विद्यार्थ्याला मी कधी पाठ करायला लावली नाही, याचं आता वाईट वाटतं. त्या दिवशी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी ती सोडली. १९३० पर्यंत विजेच्या तारा एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे इगतपुरीपर्यंत पोचल्या. वीज कुठून? टाटांची जलविद्युत केंद्रं खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे उभी राहिली होती. शिवाय रेल्वेने स्वतःचं पॉवरहाऊस ठाकुर्लीजवळ चोळे इथे बांधलं, कोळशावर चालणारं. मी कल्याणच्या शाळेत जायचे तेव्हा गाडीतून रोज ते दिसायचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडलं. दिसत तर अजूनही होतं, पण बघायचं राहून गेलं.

ती वीज होती १५०० व्होल्टची आणि डीसी. डीसीला झोका नाही, ती एकाच दिशेने वाहते, म्हणून शेजारच्या दोन उपकेंद्रांची वीज एकाच तारेत सुखाने नांदते. ठेका जुळवायचा प्रश्नच नाही. पण व्होल्टेज कमी म्हणून करंट प्रचंड लागतो, तारा जाड लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर उपकेंद्रं लागतात. १९५७ मध्ये रेल्वेने ठरवलं की यापुढे देशात २५,००० व्होल्टची एसी. व्होल्टेज सोळा-सतरा पट, म्हणजे त्याच कामाला करंट तितक्याच पटीने कमी. देशभर एसी पसरत गेली आणि जिने सुरुवात केली ती मुंबईच तेवढी डीसीवर राहिली. थोरल्या जावेचं तसंच होतं. घरात आधी आली म्हणून जुनी चूल तिच्या वाट्याला.

या दोन विजांची हद्द होती इगतपुरी. माझं माहेर नाशिकचं, त्यामुळे ही हद्द मी लहानपणापासून ओलांडते आहे. अगदी लहान होते तेव्हा इगतपुरीला विजेचं इंजिन काढून कोळशाचं लावायचे. साठच्या दशकाच्या शेवटाकडे पुढेही वीज आली, पण ती एसी. म्हणून इंजिन बदलायचं राहिलंच, एका विजेचं काढून दुसऱ्या विजेचं. मला वाटायचं घाट चढून इंजिन दमतं. वडिलांनी कधी ही समजूत खोडली नाही, कारण गाडी थांबली की ते बटाटेवडे आणायला उतरायचे आणि आम्ही खिडकीतून त्यांची टोपी शोधत बसायचो. म्हणजे दोन विजांच्या मधलं ते 'बंद' त्या काळी वडा खाऊन हात धुण्याइतकं लांब होतं!

मग दोन्ही विजा चालणारी इंजिनं आली. पश्चिम रेल्वेवर सत्तरच्या दशकात, आपल्या मध्य रेल्वेवर नव्वदच्या शेवटी. आणि २००७ पासून मुंबईत दोन्हींवर चालणाऱ्या लोकल येऊ लागल्या. कारण आता डीसी काढून एसी आणायची होती, पण रोज लाखो माणसं नेणारी लाइन बंद ठेवून नव्हे. मग हद्दच हलवायची ठरली. इगतपुरीची हद्द घाट उतरून कल्याणकडे आणि तिथून टप्प्याटप्प्याने ठाण्यामार्गे मुंबईकडे सरकत गेली. जिथे हद्द असेल तिथे तारेचा एक तुकडा मुडदा ठेवलेला, ना ही वीज ना ती. गाडी आली की मोटरमनने आधी वीज तोडायची आणि वेगाच्या जोरावर तो तुकडा पार करायचा. पलीकडे कोणती वीज आहे हे गाडीतल्या यंत्राने ओळखायचं आणि मगच जोडणी करायची. भाच्याची तीच बोट, तोच खटका, फक्त ताशी साठ-सत्तरच्या वेगाने.

काम रात्रीचं, मेगाब्लॉकचं. २५,००० व्होल्टची तार पुलाखालून न्यायची तर अंतर जास्त लागतं, कारण ती वीज न शिवताही उडी मारते. म्हणून कुठे रूळ खाली घ्यावे लागले, कुठे पूल गेला. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला तो या कारणानेही. टपावर बसून जाणाऱ्या पोरांना रेल्वेने तेव्हा कंठरवाने सांगितलं की बाबांनो, आता हात वर करायचीसुद्धा गरज नाही. माझ्या नोकरीच्या काळात डीसी होती म्हणून टपावरची मुलं सुरक्षित होती असं नाही. एक बाक आमच्याही वर्गात रिकामा झाला होता.

मुख्य मार्गाचा राहिलेला भाग जून २०१५ मध्ये बदलला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. जिथे १९२५ मध्ये सुरू झाली त्याच कुर्ला-सीएसटी रस्त्यावर. एक्याण्णव वर्षं. माझा एक जुना विद्यार्थी रेल्वेत ओव्हरहेड तारांच्या कामावर होता. तो भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही रात्री झोपलात ती डीसीत, आणि सकाळी उठलात ती एसीत." मी त्याला आठवीत इतिहासात नापास केलं होतं.

आता सगळीकडे एसी आहे, मग दिवे अजून का जातात? हा प्रश्न मी भाच्याला विचारला तेव्हा त्याने पुन्हा ढोलपथकं काढली. मोठ्या जाळ्यातली वीज तीन फेजची, म्हणजे एकाच तालातली पण एकामागून एक टिपरी पडणारी तीन पथकं. सगळा भार एकीवर पडू नये म्हणून रेल्वेची शेजारशेजारची उपकेंद्रं वेगवेगळ्या फेजवरून वीज घेतात. म्हणजे दोन्हीकडे एसीच, पण टिपरी वेगळ्या क्षणी. गाडीच्या पँटोग्राफने दोन्ही तारा एकदम जोडल्या तर तीच टक्कर. म्हणून मध्ये मुडदा तुकडा, आणि म्हणून तुमच्या डोक्यावरचा पंखा थांबतो. खिडकीत बसलात तर खांबांवर '५००' आणि '२५०' अशा पाट्या दिसतील. तो तुकडा एवढ्या मीटरवर आला आहे, असा मोटरमनला इशारा. इंग्लंडमध्ये रुळालगत चुंबक ठेवून हे काम गाडीकडूनच आपोआप करून घेतात. जपानची शिंकानसेन त्याहून पुढे. तिथे जमिनीवरचे स्विच गाडीखालची... चुकले, गाडीवरची वीज इतक्या चपळाईने बदलतात की पूर्ण सेकंदही जात नाही. पण तिथेही दोन्ही विजा एकदम जोडत नाहीत. आणि त्या तुकड्याखाली गाडी थांबली तर? मग ती स्वतःहून हलू शकत नाही, कोणी तरी ढकलायला यावं लागतं. मोटरमन तिथे वेग राखून असतात तो यासाठी.

हे सगळं मी नातीला बहिणीच्या घरी समजावलं. वाट्या होत्याच, टेबलही होतं. तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला, आजोबांनी बावीसच का मोजले. दुसरा, वडा कितीला मिळायचा.

परतीच्या गाडीत ती पुन्हा खिडकीशी बसली आणि पाट्यांवर डोळा ठेवून राहिली. दिवे गेल्याबरोबर मोठ्याने मोजायला लागली. यावेळी नऊ झाले.

"जाताना सात होते," मी म्हटलं.

"ही गाडी हळू आहे," ती म्हणाली, आणि पुढची पाटी शोधायला लागली.